पाण्यात न उतरलेल्या पोरी

आमच्या गावात माझ्या वडलांना लहानथोर सगळे 'मिलिट्रीवाले' म्हणायचे. वडील होते नेव्हीत. हा फरक त्यांनी अर्धं आयुष्य समजावून सांगितला आणि उरलेल्या अर्ध्यात नाद सोडला. पंधरा ऑगस्टला ग्रामपंचायतीपुढं त्यांचा सत्कार ठरलेला, आणि मागच्या फ्लेक्सवर रणगाडाही ठरलेला. एका वर्षी तर उंटावर बसलेला जवान छापून आला. बप्पा (आमच्या बीडकडं बापाला बप्पा म्हणतात) त्या उंटाकडं बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आसू द्या. आपल्या गावाला जहाजापरीस उंटच शोभतो." मग निमूट शाल घ्यायला खाली वाकले.

शाली फार झाल्या होत्या आमच्या घरात. आईनं त्यांची वेगळी पेटीच केली होती. दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेल्या बायका निरोप घ्यायला आल्या की ती त्यातली एकेक काढून द्यायची. कारखान्यावरच्या थंडीत बप्पांचा सत्कार कुणाकुणाच्या लेकरांच्या अंगावर असायचा. त्याचा मात्र बप्पांना मनापासून आनंद होता.

आता लिहायला बसल्यावर मला राग येतो तो या शालींचाच. गावानं त्यांना काय कमी केलं असं कुणी विचारलं तर काहीच नाही. मान दिला, पुढची खुर्ची दिली, नारळ दिले, फेटे बांधले. त्यांनी आयुष्यात गावाकडं एकच गोष्ट मागितली होती, तेवढी दिली नाही.

नेव्हीत बप्पा पाणबुड्याचं काम करायचे. जहाजाच्या बुडाखाली उतरायचं, पंख्यात अडकलेले दोर कापायचे, पत्रा कुठं फाटलाय ते हातानं चाचपून बघायचं. आमच्या कोरड्या मुलखातला पोरगा तिथं कसा पोचला, असं कुणी विचारलं की ते म्हणायचे, "आमच्या हिरी लई खोल. तळ बघायची सवय लहानपणीच लागलेली." सुट्टीवर आले की आम्हा भावंडांना समुद्राच्या गोष्टी हव्या असायच्या. ते सांगायचे, खाली काळोख असतो, दिसत काही नाही, हाताला लागेल तेवढंच खरं. आम्ही कंटाळून उठायचो. मासे नाहीत, मोती नाहीत, ही कसली समुद्राची गोष्ट!

पेन्शन घेतल्यावर त्यांच्याबरोबरचे बरेच जण पुण्यामुंबईला राहिले. बप्पा ट्रंक घेऊन नेकनूरच्या बसमधून उतरले ते कायमचेच. गावात पोहणारे पुष्कळ होते, पण तळाला बुडी मारणारा कुणी नव्हता. त्यामुळं विहिरीत मोटार पडली की बप्पांना बोलवा, घागर पडली की बप्पांना बोलवा. एकदा हळदीच्या दिवशी नवरदेवाची अंगठी पडली, तर बप्पा गाळात हात घालून ती घेऊन आले आणि त्या लग्नात नवरदेवापेक्षा त्यांचेच फोटो जास्त निघाले. मोटारीचा फूटवॉल्व्ह बसवणं, कपारीत अडकलेली दोरी सोडवणं, असली कामं ते चहाच्या कपावर करायचे. आई म्हणायची, तिकडं सरकारनं पाण्यात ठेवलं, इकडं गावानं ठेवलं, माणूस घरात कधी सुकणार?

मग शेततळी आली. आमच्याकडं पाणी साठवणं म्हणजे देवाचं काम, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण शेततळ्याच्या चारी उतारांवर प्लास्टिकची काळी पन्नी अंथरलेली असते. ओली झाली की तिच्यावर पाय ठरत नाही. विहिरीला पायऱ्या असतात, कपारी असतात, कुठं पिंपळाचं मूळ बाहेर आलेलं असतं. तळ्यात घसरलेल्या माणसाला धरायला काहीसुद्धा नसतं. काठ हातभर अंतरावर दिसतो आणि माणूस पन्नी ओरबाडत तिथंच संपतो.

आणि घसरायच्या त्या बहुतेक बायका. धुणं घेऊन गेलेली, घागर बुडवायला वाकलेली, शेळीच्या मागं धावलेली. गावातले पुरुष लहानपणीच पाठीला भोपळा नाहीतर रिकामा कॅन बांधून विहिरीत पोहायला शिकलेले असतात. बाईनं पाण्यावर जायचं ते भरायला आणि धुवायला. आत उतरायचं असतं हे तिला कुणी सांगितलेलं नसतं.

अशा वेळी बप्पांना बोलावणं यायचं. पंचक्रोशीतून कुठूनही मोटारसायकल दारात येऊन थांबायची. मोटारसायकलवाला काही बोलायचा नाही, बप्पाही विचारायचे नाहीत, टॉवेल खांद्यावर टाकून मागं बसायचे. काठावर लोकांनी गळ आणून ठेवलेला असायचा, विहिरीतल्या बादल्या काढायचा असतो तो लोखंडी गळ. बप्पा तो आधी बाजूला फेकायला लावायचे. "माणूस हाय, बादली न्हाई," म्हणायचे. कमरेला दोर बांधून स्वतः उतरायचे आणि दोन्ही हातांवर घेऊन वर यायचे. काठावर चादर घेऊन बाईमाणूस उभं असल्याशिवाय ते मयत पाण्याबाहेर काढत नसत. घरी आले की आई अंगणातल्या दगडावर त्यांच्या डोक्यावर पाणी ओतायची. त्या दिवशी ते जेवत नसत. एकदा मी माहेरी असताना असंच झालं. अंग पुसता पुसता ते आईला म्हणाले, "मला कशापायी बोलावत्यात गं? सगळं झाल्यावर बोलावत्यात. आधी कुणी बोलवत न्हाई."

तेव्हापासून त्यांच्या डोक्यात ते बसलं. आधी त्यांनी दोऱ्या केल्या. निळ्या नायलॉनच्या दोरीला ठरावीक अंतरावर हाताचा पंजा अडकेल असे फास, टोकाला रिकामा कॅन. तळ्याच्या काठावर लोखंडी खुंट ठोकायचा आणि दोरी उतारावरून पाण्यात सोडून ठेवायची. प्रत्येक तळ्याच्या मालकाकडं स्वतः गेले. काहींनी बांधून घेतली, काहींनी "बघू की" म्हणून बोळवण केली. त्या फासांच्या गाठी जहाजावरच्या, आमच्याकडं कुणाला येत नव्हत्या. पण दोरीनं बप्पांचं समाधान झालं नाही. दोरीपर्यंत पोचायला तरी पाण्यात हातपाय हलवता यायला हवेत, आणि बाई पाण्यात पडली की आधी पदर आवरते, असं ते म्हणायचे. गावातल्या पोरींना पोहायला शिकवायचं, हीच त्यांची मागणी. दुसरी कसलीच नाही.

याला एक घरची जखमही होती. मी लहान असताना ते एकदा सुट्टीवर आले होते, तेव्हा माझ्या पाठीला कॅन बांधून मला आमच्या विहिरीवर घेऊन गेले. आज्जीला कुणीतरी सांगितलं. ती शेतातून धापा टाकत आली आणि विहिरीच्या पायरीवर बसून म्हणाली, "पोरगी पाण्यात उतरली तर मी बी उतरते. मग काढ दोघींना." बप्पांनी गाठ सोडली, मला उचललं आणि घरी आणलं. जहाजाखाली जाणारा माणूस आईपुढं काठावरूनच परत फिरला. ते त्यांना फार लागलेलं होतं. मला मुलं झाली तरी ते मधूनच म्हणायचे, तुला शिकवायचं राहिलं.

गावात मागणी मान्य व्हायची तर सरपंचांनी मनावर घ्यायला हवं होतं. सरपंच म्हणजे खरं तर माजी सरपंच, पण एकदा झालेला माणूस आमच्याकडं मरेपर्यंत सरपंचच असतो. मोठी बागायत, दारात दोन गाड्या, गावातलं कुठलंही पॅनल त्यांच्या ओसरीवर ठरणार. बप्पांचे ते शाळेपासूनचे दोस्त. दोघं एकमेकांना 'काय बे' म्हणू शकत होते, तसं म्हणणारा गावात दुसरा कुणी उरला नव्हता. बप्पांनी त्यांच्यामागं लकडा लावला. सरपंच हसायचे, "आरं, पोरींना पोहायला शिकवून काय नेव्हीत धाडतो का बे?" बप्पा दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. शेवटी एका उन्हाळ्यात सरपंच म्हणाले, "बरं बाबा. माझी पोरगी पहिली यील. मंग बाकीचे कशाला न्हाई म्हणत्यात?"

ही त्यांची धाकटी, नुकतीच बारावीची परीक्षा दिलेली. धीट, बडबडी, बापाची फार लाडकी. ती आली आणि तिच्यामागं खरंच पोरी आल्या. आमच्या विहिरीभोवती आईनं जुनी लुगडी बांधून आडोसा केला आणि काठी घेऊन स्वतः वाटेवर बसली. कुणी पुरुष चुकून त्या बाजूला वळला की ती लांबूनच त्याचा उद्धार करायची. मी लेकरांना घेऊन तेव्हा माहेरीच होते, वरच्या पायरीवर बसून बघायचे. बप्पा पाण्यात छातीपर्यंत उभे आणि पोरी अंगभर कपड्यांत, पाठीला कॅन, किंचाळत आणि खिदळत. बप्पा इतके खूश मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. सरपंचांची पोरगी सगळ्यांत पुढं होती. विहिरीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जायची, फक्त पाठीला कॅन असायचा. "आता हिचा कॅन काढायचा," बप्पा रोज आईला सांगायचे. "एवढ्या चार दिवसांत काढतो."

आणि नेमकं तेव्हाच सरपंचांच्या डोक्यात सत्कार आला.

हे आमच्या लोकांचं खास आहे. काम पुरं व्हायच्या आत त्याचा सत्कार करायचा. पोरी अजून कॅनवर तरंगत होत्या, आणि इकडं मारुतीच्या देवळापुढं मांडव पडला, माईक आला, तालुक्याचे पुढारी यायचं ठरलं. या वेळी फ्लेक्सवर रणगाडा नव्हता. सरपंचांनी स्वतः सांगून जहाज छापून घेतलं होतं. मला तेव्हा त्यांचं कौतुक वाटलं आणि आजही वाटतं. तो माणूस मनानं वाईट नव्हता. दोस्ताचा मान करायची त्यांना खरोखर हौस होती.

महाराष्ट्र दिनाचा दिवस, झेंडा झाल्यावर कार्यक्रम. ऊन कडक, वारा सुटलेला, मांडवाचं कापड फडफडत होतं. बप्पा खुर्चीवर, डोक्याला फेटा, अंगावर नुकतीच शाल घातलेली. शाळेतले गुरुजी सूत्रसंचालन करत होते. पुढाऱ्यांचं भाषण सुरू झालं, देशसेवा, जलसेवा, असं काहीतरी. मी बायकांत बसले होते. बप्पा भाषणाकडं बघत नव्हते, ते मांडवाच्या कोपऱ्याकडं बघत होते. कोपऱ्यातला बांबू ज्या तणाव्यानं खुंटाला ताणला होता, ती निळी दोरी होती. तिला फास होते.

मांडववाल्याला दोरी कमी पडली असावी. सरपंचांच्या गड्यानं त्यांच्याच तळ्यावरची सोडून आणून दिली. त्याच्या दृष्टीनं त्यात काहीच वावगं नव्हतं. मालकाचं तळं, मालकाची दोरी, मालकाचाच मांडव, आणि सत्कार तरी कुणाचा, दोरी करणाराचाच.

बप्पा उठले. भाषण चालू असताना व्यासपीठावरून खाली उतरले. लोकांना वाटलं लघवीला चाललेत. ते कोपऱ्यात गेले आणि वाकून खुंटावरची गाठ सोडली. बांबू कलला. तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला आणि मांडवाची ती अख्खी बाजू पुढच्या रांगेवर येऊन पडली. पुढारी कापडाखाली, सरपंच कापडाखाली, माईक शिट्टी मारत राहिला. पोरं हसायला लागली, मग मागची माणसंही हसली. बप्पा दोरी गुंडाळत म्हणाले, "दोरी हितं हाय म्हंजी तळ्यावर न्हाई. उन्हाचं बायका धुण्याला जात्यात." आणि शाल अंगावर तशीच घेऊन ते तळ्याकडं चालू लागले.

मी किती वर्षं ही गोष्ट अभिमानानं सांगत आले. माहेरचं माणूस भेटलं की सांगायची, सासरी सांगायची. माझा बाप कसा, स्वतःच्या सत्काराचा मांडव पाडणारा! ऐकणारे हसून हसून बेजार व्हायचे. बप्पा मात्र ती गोष्ट निघाली की उठून बाहेर जायचे. तळ्यावर त्या वेळी चिटपाखरूही नव्हतं, हे त्यांनी मला फार उशिरा सांगितलं.

सरपंच कापडाखालून निघाले ते लालबुंद होऊन. पुढाऱ्यांची टोपी मातीत पडलेली, गाव हसतंय. त्यांना कुणी कधी हसलं नव्हतं.  दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची पोरगी विहिरीवर आली नाही. पहिली आली नाही म्हटल्यावर बाकीच्याही हळूहळू थांबल्या. कुणाच्या आईचं डोकं दुखत होतं, कुणाला पाहुणे बघायला येणार होते. शेवटी आई एकटीच काठी घेऊन रिकाम्या विहिरीवर बसायची.

बप्पा सरपंचांच्या घरी गेले. मी हट्टानं त्यांच्याबरोबर गेले होते. सरपंचांनी आम्हाला ओसरीवर बसवलं, चहा सांगितला, पावसाचं बोलले, कापसाचं बोलले. आमच्याकडं नाही म्हणायची ही रीत आहे. चहा पाजायचा आणि ज्यासाठी माणूस आलाय तेवढं सोडून सगळं बोलायचं. कप खाली ठेवून बप्पाच म्हणाले, "माझं चुकलं. भाषण सरू द्यायला पाह्यजे हुतं. चारचौघात तुझी माफी मागतो, मारुतीपुढं मागतो. पर पोरीला पाठव. थोडंच राह्यलंय तिचं."

सरपंच म्हणाले, "माफी कशाची बे? आपलं काय हाय का तसलं? पर तिच्या सोयरिकीचं चाललंय. आता पाण्यात कुठं उतरवतो? काळी पडंल."

"आठ दिवस दे मला."

"चहा घे आणखी," सरपंच म्हणाले.

दाराआड ती पोरगी उभी होती. मला तिची ओढणी दिसत होती. ती बाहेर आली नाही आणि कुणी तिला बोलावलंही नाही. वाटेत बप्पा म्हणाले, "मला माफीसुद्धा मागू दिली न्हाई त्यानं." मी सरपंचांना खूप शिव्या घातल्या. 

तिचं लग्न झालं लिंबागणेशच्या पुढं, चांगल्या बागायतदार घरात. मुलगी झाली. सगळं बरं चाललं होतं. आणि एका उन्हाळ्यात सरपंचांचा बप्पांना फोन आला. एवढ्या वर्षांत पहिला फोन. ते फक्त "चल" म्हणाले.

बप्पांचे गुडघे तोवर गेले होते. जिना चढायला भिंत धरायचे. माझ्या भावानं गाडी काढली, पुढचं मला त्यानंच सांगितलं. सासरच्या तळ्यावर गर्दी होती, गळ आणलेला होता. बप्पांनी तो फेकायला लावला. कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक कुणाच्या हातात द्यायचं म्हणून मागं बघितलं, तर सरपंच पुढं आले. त्यांनी ते टोक आपल्या हाताला गुंडाळून घेतलं. बप्पा उतरले आणि तिला घेऊन वर आले. गोधडी धुवायला गेलेली. ओली गोधडी ओढताना पाय सुटला असावा. तिच्या नखांत पन्नीचे काळे कपटे होते. बप्पांनी तिचे हात आपल्या हातांनी पुसले आणि मग चादर ओढली. सरपंच उभेच होते, दोर हाताला तसाच. भाऊ म्हणाला, तो सोडवताना त्यांचा पंजा काळानिळा झालेला होता.

घरी आल्यावर आईनं दगडावर पाणी ओतलं. बप्पा पाणी संपलं तरी उठेनात. म्हणाले, "मांडव ऱ्हाऊ द्यायला पाह्यजे हुता." आई म्हणाली, "तुमी बरूबर तेच केलं." ते म्हणाले, "बरूबर करून काय झालं? तिचा कॅन तेवढा काढायचा हुता."

 दोरी जागेवर नव्हती, ती त्यांनी जागेवर नेली. त्यात चूक कुठं काढायची? आणि तरी ते त्या दिवशी खुर्चीवर बसून राहिले असते, टाळ्या घेतल्या असत्या, आणि भाषण संपल्यावर गुपचूप गड्याला सांगितलं असतं, तर ती पोरगी कुणी येईपर्यंत पाण्यावर तगली असती. बप्पांनी ही आकडेमोड मरेपर्यंत केली. देशासाठी पाण्यात जन्म घालवलेला माणूस एका भाषणापुरता खुर्चीवर थांबला नाही म्हणून स्वतःला माफ करत नव्हता. मला सरपंचांचा राग येतो, गावाचा येतो, आणि खरं सांगायचं तर थोडा बप्पांचाही येतो.

त्यानंतर त्यांनी शाल घेतली नाही. पंधरा ऑगस्टला झेंड्याला जायचे, मागं उभे राहायचे, झेंडा झाला की घरी. पुन्हा एकदोनदा पोरींच्या घरी विचारून आले, पण आता त्यांच्या शब्दात जोर नव्हता आणि कुणी पाठवलंही नाही. बोलावणी मात्र येत राहिली. गुडघे पार थकल्यावर भाऊ लोकांना सांगायचा, त्यांना जमत नाही. मग ते आतून म्हणायचे, "गळ लावू नका म्हणावं."

ते गेले तेव्हा सगळं गाव आलं. माजी सैनिक आले, त्यांनी सलामी दिली. शोकसभेत प्रत्येकानं बप्पांनी कुणाकुणाला पाण्यातून काढलं त्याची उजळणी केली. 'माझा चुलता काढला', 'माझी भावजय काढली', 'माझी आई काढली', असं एकेक जण उठून सांगत होता. मी ऐकत होते आणि माझं डोकं फिरत होतं. यातल्या एकानं तरी तेव्हा आपली पोरगी पाठवली होती का? सरपंच शेवटी उठले, फार म्हातारे दिसत होते. गावाच्या वेशीत मिलिट्रीवाल्याच्या नावाची कमान बांधू, एवढं म्हणाले आणि बसले. कमान बांधली. तिच्यावर नांगर आहे जहाजाचा, शेताचा नाही, एवढी प्रगती. उद्घाटनाला मला बोलावलं होतं, मी गेले नाही.

या उन्हाळ्यात मी आईकडं आले होते. सकाळी दोघी विहिरीवर मोटार चालू करायला गेलो, तर बांधावरून सरपंच येताना दिसले. एका हातात काठी, दुसऱ्या हातात नातीचा हात. तिच्या आईच्या माघारी ती आजोळीच वाढते आहे. अंगात जुना ड्रेस, पाठीला कॅन. गाठ बांधली होती ती सरपंचांनीच बांधली असणार, कशीही गुंडाळलेली.

सरपंच आईला म्हणाले, "वहिनी, हिला पाण्यात घालायचीय." त्यांनी पोरीच्या पाठीवरचा कॅन उगाच सारखा केला. मग ते म्हणाले, "त्यो असतानाच आणायची हुती. माझ्या तोंडातून शब्दच निघंना त्याच्याफुडं. रोज म्हणायचो उद्या जाऊ."

आईनं तोंडाला पदर लावला. मी विचारलं, "काका, शिकवणार कोण?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की जणू मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय. "कोण म्हंजी? तू हायेस की. मिलिट्रीवाल्याची लेक तू."

"मला पोहता येत नाही, काका."

त्यांना ते खरं वाटेना. त्यांनी आईकडं बघितलं. आईनं मान हलवली. मग ते काठी टेकत हळूच विहिरीच्या कठड्यावर बसले आणि पाण्याकडं बघत राहिले. त्यांना पोहता यायचं, पण आता त्या वयात विहिरीच्या पायऱ्यासुद्धा उतरवत नव्हत्या. मी आईकडं बघितलं, आईनं माझ्याकडं. त्या विहिरीवर तिघं मोठी माणसं होतो आणि एकालाही तिला हात धरून पाण्यात नेता येत नव्हतं.

पोरगी तोवर एकेक करून सगळ्या पायऱ्या उतरून गेली होती. शेवटच्या कोरड्या पायरीवर उभी राहून, मान वर करून ती आमच्याकडं बघत होती, कोण येतंय म्हणून.